वानर वरून टाकतो, गाय खालून उचलते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात वाळपईपासून आत, रानाला लागून तुमची काजूची बागायत आहे आणि पाच गायी आहेत. फेब्रुवारी उजाडला की वानरांचा कळप येतो. फांद्या हलल्या की गायी चरणं सोडून त्या झाडाखाली जातात आणि वरून पडेल तो पाला, बोंडू (काजूची फळं), फणसाचे तुकडे खातात. घरचे म्हणतात, वानराचं उष्टं खाल्लं की गाय आटते, शिवाय माकडताप होतो. तुम्हाला मात्र वाटतं की वानर गायींसाठी मुद्दामच टाकत असावेत. मग गायी बांधून ठेवू, की उलट वानरांना केळी टाकून बागायतीत धरून ठेवू, असं तुम्ही विचारलंय.

मी गुरांचा डॉक्टर. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तीन तालुक्यांत सत्तावीस वर्षं गोठे फिरलोय, त्यामुळे हे दृश्य माझ्या ओळखीचं आहे. तुमच्या गायी ज्या झाडाखाली उभ्या राहतात तिथे मला उष्ट्याची काळजी फारशी वाटत नाही. त्यांच्या पायाखालच्या पातेऱ्याची, म्हणजे साचलेल्या वाळक्या पाल्याची वाटते. तिकडे वळण्याआधी वरच्या मंडळींबद्दल बोलू, कारण वर कोण बसलंय यावर बरंच काही ठरतं.

तुम्ही सगळ्यांना वानर म्हटलंय, पण फणस फाडले जातात असंही लिहिलंय. त्यावरून वाटतं की तुमच्याकडे दोघेही येत असणार: काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर आणि लालसर तोंडाची माकडं, ज्यांना आपण खेती म्हणतो. दोघांचं खाणं वेगळं, पोट वेगळं, आणि म्हणून खाली पडणारा मालही वेगळा.

वानर पाला खाणारा. त्याच्या पोटाला कप्पे असतात आणि त्यात जिवाणू पाल्याला आंबवून मऊ करतात. गायीच्या कोटीपोटात (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) जे चालतं त्याच जातीचं काम, फक्त वानर रवंथ करत नाही. असं पोट असणाऱ्याला प्रत्येक पान परवडत नाही. त्याला कोवळी पालवी हवी, देठ हवा, कळी हवी. केरीला आमच्या जुन्या घरामागे एक रुमड, म्हणजे उंबर आहे. त्याखालच्या दगडावर बसून मी एकदा सकाळचा तासभर नुसता बघत होतो. वानराची मादी डहाळी ओढायची, टोकाची दोन पानं तोंडात घालायची, तिसऱ्याचा देठ चावून पातं सोडून द्यायची, आणि मग अख्खी डहाळीच हातातून टाकून पुढच्या फांदीवर सरकायची. तिच्या पोटाला धरून बसलेलं पिल्लूसुद्धा पानं तोडत होतं, पण खात एकही नव्हतं. तासाभरात खाली टोपलीभर हिरवा पाला पडला असेल. शेजाऱ्यांची म्हैस तेवढ्या वेळात तीनदा जागा बदलून बरोबर त्या मादीच्या खाली येऊन उभी राहिली. म्हैस वर बघत नव्हती. डहाळी मोडल्याचा आवाज आला की कान वळायचे आणि मागून पाय.

म्हणजे वानर देत नाही, तो सांडतो. हजार पानांत बसलेल्याला एक पान टाकायचं काय दुःख! कान्हाच्या जंगलात १९८० च्या दशकात वानर आणि चितळ यांच्या सोबतीचा बारकाईने अभ्यास झाला, त्यात एक साधी गोष्ट पाहिली गेली: कोण कुणाकडे चालत येतं. चितळ वानरांकडे येतात. ही सोबत जास्त दिसते ती पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जमिनीवरचं गवत वाळलेलं असतं तेव्हा. तुमच्या गायी फेब्रुवारीतच झाडाकडे का पळायला लागतात, याचं उत्तर यातच आलं. जुलैत बांधावर हिरवं लुसलुशीत असताना त्या वानरांकडे ढुंकूनही बघत नसतील. खात्री करून बघा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जपानमध्ये याकुशिमा नावाच्या बेटावर तिथली माकडं झाडावर चरत असतात आणि सिका हरणं खाली पडलेली पानं, फळं वेचत असतात. कधी कधी माकड हरणाच्या पाठीवरही बसतं. उलट इथियोपियाच्या डोंगरांवर गेलाडा नावाचं माकड आहे, ते स्वतःच गवत चरतं, बोटांनी उपटून. तिथे गावकऱ्यांची गुरं आणि गेलाडा एकाच कुरणावर असतात, आणि कुणी कुणाला काही टाकत नाही, आहे त्या गवतासाठी दोघांची ओढाताण असते. माकड झाडावर आणि गुरं जमिनीवर आहेत तोवरच हा सांडलवंडीचा व्यवहार जमतो.

आपल्या रानात चितळ थोडे, पण सांबर, भेकर आहेत, आणि गवा तर गोव्याचा राज्यप्राणीच. मोलेच्या बाजूला वानरांनी झोडपलेल्या उंबराखाली सकाळी गव्याच्या खुरांचे ताजे ठसे मी पाहिलेत. तुमच्या गायी नवं काही शिकलेल्या नाहीत, रानातली रीतच त्यांनी उचललीय.

आता खेती. खेतीचं पोट आपल्यासारखं साधं. तिला गालात पिशव्या असतात, मिळेल ते त्यात कोंबून ती दुसऱ्या झाडावर जाऊन निवांत खाते. पाला ती कमी सांडते. पण फळ धरलं की अर्धं खाऊन टाकणार, दुसरं तोडणार. फणस पिकायच्या आतच उकरून बघणार, कोवळे नारळ पाडणार. ढोबळ मानाने म्हणायचं तर वर वानर असेल तर खाली चारा पडतो, वर खेती असतील तर खाली फळं पडतात. आणि गुरांच्या डॉक्टरला चाऱ्यापेक्षा फळांची धास्ती जास्त.

याबद्दल माझीच एक चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, म्हादईच्या कडेचं एक गाव. संध्याकाळी निरोप आला की गाय फुगलीय. गेलो. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) टम्म, गाय पाय ताठ करून उभी, मालक म्हणतोय खेतींचं उष्टं लागलं. मी हसलो, पोटफुगीचं औषध पाजलं, थोडा वारा गेला, भकाळी उतरली, मी घरी. सकाळी गाय खाली बसलेली. डोळे खोल गेलेले, शेण पातळ आणि आंबूस वासाचं, रवंथ बंद. तेव्हा कुठे मी आवाराच्या मागे जाऊन बघितलं. खेतींनी चार फणस पाडून फाडले होते आणि तिथे साली, पाती सोडली तर काही शिल्लक नव्हतं. गरे, आठळ्या, सगळं गाईच्या पोटात. नुसता वारा धरला नव्हता, एवढ्या साखरेने आणि पिठाने कोटीपोट आंबट झालं होतं. तिथले नेहमीचे जिवाणू मरतात, आम्ल वाढवणारे माजतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. सोडा, सलाईन, नळी घालून पोट रिकामं करणं असं दोन दिवस चाललं. गाय वाचली, पण त्या वेतात पूर्ण दुधावर परत आली नाही. मालकाचं निदान चुकलं असेल, पण झाडाखाली बघा असं तो सांगत होता आणि मी ऐकलं नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात फुगलेल्या गायीकडे बोलावलं की आधी मी झाडं बघतो, मग गाय.

काजूचंही तसंच. चार-दोन बोंडू खाल्ल्याने काही होत नाही, गुरं ते आवडीने खातात. खाली पडून दोन दिवस झालेले, आंबलेले बोंडू पोटभर गेले तर मात्र वरचाच प्रकार, वर थोडी नशा. भट्टीमागे टाकलेला बोंडूंचा चोथा खाऊन झिंगत घरी आलेली गाय पाहिली नसेल असा सत्तरीत कोण आहे? लोक हसतात, पण ती गाय आजारी असते. बोंडूसकट बी चावली गेली तर टरफलातलं तेल जिभेला आणि ओठांना भाजतं. सकाळची वेचणी झाल्याशिवाय गुरं बागायतीत सोडू नयेत, याचं तेही एक कारण. काजू तर तुमचेच जातात.

आंब्याचा बाठा अन्ननळीत अडकतो, त्यावर रात्री-अपरात्री धावपळ केलीय. गाय मान लांब करून लाळ गाळतेय, पोट फुगत चाललंय असं दिसलं तर हातपंपाच्या पाइपाने ढकलायला जाऊ नका, डॉक्टर बोलवा. आणि काजरा. काजऱ्याच्या फळाचा गर वानर खातो, त्याच्या बियांत मात्र स्ट्रिक्निन असतं, जालीम विष. वानर खातो म्हणजे गायीला चालतं, हा हिशोब इथे मोडतो. बागायतीच्या हद्दीत काजरा असेल आणि वानर त्यावर बसत असतील, तर निदान फळांच्या दिवसांत त्या बाजूला गुरं नकोत.

उष्ट्याचं सांगायचं राहिलं. वानराच्या लाळेने गाय आटत नाही. एप्रिलमध्ये गाय दूध कमी देते कारण ऊन असतं, ओला चारा नसतो, पाणी कमी पडतं, आणि पुष्कळदा ती गाभण असून शेवटच्या महिन्यांत असते. नेमके तेच महिने वानरांचे. दोन गोष्टी एका वेळी घडल्या की आपण एकीला दुसरीची आई करतो. वानर किंवा खेती गायीला चावली तर ती वेगळी बाब. जखम साबणाने भरपूर धुवा आणि रेबीजच्या लसीबद्दल लगेच विचारा. चावा विरळा, पण झाला तर थांबू नका. माकडताप तर उष्ट्या पाल्यातून होतच नाही.

आता पातेरा. माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, म्हणून त्याचं कागदावरचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपल्या सत्तरीत तो २०१५ पासून लोकांना चांगलाच माहीत झाला, आणि काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांनी तो भोगला. तो पसरवते रानातली गोचीड. ती समजून घेतली तर तुमच्या प्रश्नातला अर्धा गोंधळ निघून जाईल, म्हणून जरा थांबून सांगतो.

गोठ्यात गायीच्या कासेजवळ टंब फुगलेली जी करडी गोचीड दिसते, ती बहुतेक वेळा गुरांची नेहमीची गोचीड. तिचं लहानपण ते मोठेपण एकाच जनावराच्या अंगावर जातं. रानातली, माकडतापाची गोचीड तशी नाही. ती तीन वेळा पाहुणचार बदलते. आधी अगदी बारीक अवस्था उंदीर-घुशींवर, पक्ष्यांवर, माकडांवर. मग खाली पडून कात टाकते, टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि परत कुणाला तरी धरते. हीच अवस्था वानराला, खेतीला आणि माणसाला चावते, आणि तिचे दिवस साधारण थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत. मग पुन्हा खाली पडून मोठी होते आणि मोठं जनावर शोधते: सांबर, गवा, किंवा तुमची गाय. गायीचं रक्त पिऊन मादी पातेऱ्यात पडते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते.

गाय या तापाने आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात विषाणू वाढून पुढे जातो असंही नाही. पण मोठ्या गोचिडीला पोसणं आणि तिला इकडून तिकडे नेणं हे काम ती करते. वानर आणि खेती मात्र या तापाने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच जमिनीवर उतरतात. आता तुमची बागायत डोळ्यांसमोर आणा. झाडावर वानरांचा कळप, खाली जाड पातेरा, त्यात माकडांवरून गळलेल्या गोचिडी, आणि त्याच सावलीत पाच गायी दुपारभर उभ्या, कारण वरून पाला पडतोय. पाला पडतो तिथेच गोचीडही पडते. गायीला दोन घास हिरवा मिळतो आणि ती घरी गोचीड आणते. हंगामात बोंडू वेचायला वाकता तुम्ही. गायीला ताप येत नाही, येतो तो तुम्हाला.

मग बांधून ठेवायच्या का? मी असतो तर पूर्ण बांधल्या नसत्या. पाच गायींना चार महिने विकतचा चारा घालायला सांगणारा डॉक्टर गोठा न बघितलेला असतो. तुमच्या घराजवळ मोकळी, पातेरा नसलेली जागा किती आहे यावर हे अवलंबून आहे, आणि गावात यंदा कुणाला माकडताप झालाय का किंवा मेलेली माकडं सापडलीत का यावरही. या शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर हो असेल, तर मात्र त्या हंगामापुरतं रान पूर्ण बंद, चर्चा नाही.

एरवी सकाळी वेचणी झाल्यावर सोडा, उन्हाआधी आणा. रोज पाळीपाळीने एका गायीचं अंग नीट तपासा. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीत, शेपटीखाली, कास आणि मांडी यांच्या बेचक्यात बोटं फिरवा, पण हातमोजे घालून. गोचीड नखांवर चिरडू नका, चिमट्याने काढून जाळा. पाठीच्या कण्यावरून ओतायचं औषध मिळतं, फवारणीचंही मिळतं. प्रमाण तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून जनावराच्या वजनावर लिहून घ्या, शेजाऱ्याच्या डब्यावरून नको. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गायीला टोचून दूध विकायचं नाही. हे गावोगाव चालतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि एक सवय मोडावी लागेल, ती मोडायला जड जाते: रानातला पातेरा भरून आणून गोठ्यात अंथरणं. शेणखताला तो उत्तम, आपले आजोबा तेच करायचे. पण डिसेंबर ते मे रानातला पातेरा घरात आणणं म्हणजे गोचीड पोत्यात भरून आणणं. घराच्या आवारातल्या आंबा-फणसाचा पातेरा वापरा, नाहीतर भाताचा पेंढा. स्वतः रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारं). घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. एकाएकी जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणं असं काही झालं तर आरोग्य केंद्रात जा आणि काजूला जातो हे डॉक्टरला आपणहून सांगा. मेलेलं वानर किंवा खेती दिसली तर हात लावू नका, ओढून दूर टाकू नका, पुरूही नका. गुरं त्या बाजूला फिरकू देऊ नका आणि वनखात्याला कळवा.

वानरांबद्दल एवढं वाईट लिहिलं म्हणून त्यांची एक बाजू सांगतो. बिबट्याची चाहूल झाडावरून वानराला आधी लागते, आणि तो खोकल्यासारखा आवाज काढून रान जागं करतो. चितळ तो आवाज ओळखतात आणि चितळांच्या इशाऱ्यावर वानरही सावध होतात. पाळीव गाय तेवढी हुशार राहिलेली नाही, ती चरतच राहते. पण मोलेच्या बाजूच्या धनगरवाड्यावरचे एक म्हातारे म्हशी राखताना बिडी तोंडात धरून थांबायचे आणि मला हाताने गप्प बसवायचे. वानर खोकला की ते म्हशी वळवायचे, बिबट्या प्रत्यक्ष दिसायची वाट बघायचे नाहीत. पाल्यापेक्षा हा फायदा मला मोठा वाटतो, आणि त्यासाठी वानर तुमच्या गायींच्या डोक्यावरच असायला लागत नाहीत, शेजारच्या रानात असले तरी पुरे.

शेवटी केळी. वानरांना खायला टाकून धरून ठेवायची कल्पना सोडून द्या. माणसाच्या हातचं खाल्लेला कळप माणसाला भीत नाही, अनमोडच्या घाटात रस्त्याकडेला बसलेली माकडं बघा. केळ्यांचा खर्च त्यातून पडणाऱ्या पाल्यापेक्षा जास्त होईल, आणि कळप एकाच झाडावर ठाण मांडून बसला तर त्याखालचा पातेरा गोचिडींचं आगर होईल. शिवाय केळ्यांवर आधी वानर नाही, खेती येतील. आणि खेती रोज यायला लागल्या की तुमच्या फणसांखाली संध्याकाळी काय सापडेल, ते वर लिहिलंच आहे.